सुई सरळच होती

"अहो, सुई पुन्हा वाकली बघा," असं बाईंनी आतून सांगितलं, तेव्हा मिस्त्री पुढे दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधला दोऱ्याचा गुंता सोडवत बसले होते. हातातला चिमटा ठेवून ते आत गेले. सुई काढली, काचेच्या तुकड्यावर सपाट बाजूने ठेवली आणि डोळा बारीक करून खालून येणारा उजेड पाहिला. सुई वाकलेली असली की उजेडाची फट टोकाकडे लहानमोठी होते. इथे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी होती. तरी त्यांनी काही न बोलता नवी सुई बसवली. सुई म्हणजे काही सोनं नव्हे, आणि कामाच्या घाईत असलेल्या बाईंशी हुज्जत घालायची त्यांची छाती नव्हती.

घरात पुढची खोली म्हणजे मिस्त्रींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मधली खोली म्हणजे बाईंचा शिवणवर्ग, आणि उरलेल्या जागेत संसार. गल्लीत त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. ते मिस्त्री आणि त्या बाई. मिस्त्रीही आपल्या बायकोला बाईच म्हणायचे. लग्नानंतर थट्टेने सुरू झालेलं ते पुढे अंगवळणी पडलं. मिस्त्रींची ख्याती अशी, की मशीन दुरुस्त होण्यासारखं नसेल तर तोंडावर सांगायचे, "हे आता भंगारात घाला, उगाच माझ्याकडे फेऱ्या मारू नका." त्यामुळे लोक त्यांच्यावर चिडायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

बाईंनी आयुष्यभर गल्लीतल्या मुलींना फ्रॉक, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायला शिकवलं. लेक लग्न होऊन दूर गेली आणि दुपारी मोकळ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांनी उरलेल्या चिंध्यांतून चित्रं करायला घेतली. वर चिंध्यांचं चित्र, मध्ये कापसाची भर, खाली अस्तर, असे तीन थर एकत्र धरायचे. मग मशीनचे कापड पुढे ओढणारे दाते खाली पाडून टाकायचे आणि कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवत त्यावर सुईने रेघा काढायच्या. कागद हलवून स्थिर पेन्सिलीने चित्र काढावं, तसा हा प्रकार. पहिल्या गोधडीवर त्यांनी समोरच्या टायरवाल्याचं दुकान केलं होतं. मिस्त्रींनी ती पाहिली आणि हसून विचारलं, "हे आपण पांघरायचं, की भिंतीला थंडी वाजते म्हणून तिला पांघरायला द्यायचं?" बाईही हसल्या. पण त्यानंतरची गोधडी मिस्त्री आत यायच्या आधीच घडी होऊन कपाटात गेली, आणि त्याच्या पुढचीही. आपल्या त्या एका विनोदाने काय केलं, हे मिस्त्रींच्या ध्यानात यायला फार उशीर लागला. तोवर विषय काढायचीही सोय उरली नव्हती.

मग बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जिची अखंड बडबड ऐकून सगळे तिला चिमणी म्हणत, कपाटातल्या गोधड्यांचे फोटो काढून कुणाकुणाला पाठवले. ते फिरत फिरत गावातल्या कलाकेंद्रात पोचले, आणि एके दिवशी केंद्राच्या संचालिका स्वतः दुकानात येऊन मिस्त्रींच्या तेलकट स्टुलावर बसल्या. त्यांनी सगळ्या गोधड्या उलगडून पाहिल्या, उलट्या करून मागची शिलाईही पाहिली. केंद्रात मशीनवरच्या मुक्त शिलाईची आणि चित्रगोधडीची कार्यशाळा घ्यायचा विचार होता. बाईंनी विचारलं, शिकवायला कोण येणार आहे? त्यांना वाटलं, आपल्याला शिकायला बोलावतायत. संचालिका म्हणाल्या, "तुम्ही."

काही दिवसांनी कार्यशाळेचं भित्तिपत्रक आलं. त्यावर बाईंचं नाव होतं आणि नावाखाली 'वस्त्रकलाकार' असं छापलं होतं. मिस्त्रींनी ते दुकानात, स्प्रिंगांच्या डब्यांच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं चिकटवलं. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी ते सांगायचे, "ही आमच्या घरची." त्यांना वाटत होतं, त्या जुन्या विनोदाचं देणं आता कुठे थोडं फिटेल.

तयारीला जोर आला. बाईंनी येणाऱ्या प्रत्येकीसाठी कापडी पिशवी शिवली. तीत तीन थर टाचून ठेवलेला चौकोन, रंगीत चिंध्यांची गुंडाळी, खडू, सुया, बोटांना पकड यावी म्हणून रबरी टोप्या, असं सगळं. शिकवायच्या क्रमाने नमुने करायचे होते. आधी नुसत्या रेघा, मग वळणं, मग पानं, आणि शेवटी एक पूर्ण चित्र. चित्रासाठी त्यांनी गल्लीच्या टोकाला चाललेल्या बांधकामाची परांची निवडली, उभ्याआडव्या खांबांची. चिमणीने विचारलं, फुलंबिलं सोडून हे रुक्ष काय घेतलंत? तर म्हणाल्या, हाताने फिरवत सरळ रेघ मारता यायला हवी. वाकडं काय, कुणालाही जमतं.

आणि नेमक्या सरळ रेघाच जमेनात.

खांब मध्येच कंबर मोडल्यासारखा वाकायचा. बाई उसवायच्या, पुन्हा मारायच्या, पुन्हा वाकायचा. कधी सुईवर राग, कधी दोऱ्याच्या ताणावर, कधी कापड दाबणाऱ्या पायावर. मिस्त्री प्रत्येक वेळी येऊन ते ते बदलून जायचे. एकदा बाई आंघोळीला गेल्या असताना ते मशीनसमोर बसले आणि त्यांनी तो तुकडा नीट न्याहाळला. तेव्हा त्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटली. ज्या रेघेवर बाईंनी खडूने 'ही बरी' अशी खूण केली होती ती चांगलीच वाकडी होती, आणि जी उसवायला काढली होती ती अगदी ओळंब्यात होती.

त्यांनी मशीन पाटावरून काढून आडवं केलं, एकेक भाग सुटा केला, पुसला, तेल दिलं, पुन्हा जोडलं. एका चिंधीवर चालवून पाहिलं. टाका मोत्यासारखा पडत होता. मशीनमध्ये शोधूनही दोष नव्हता.

मग त्यांना एकेक आठवायला लागलं. चहा ओतताना बाईंची धार हल्ली कपाच्या काठावर पडते. समोरच्याशी बोलताना त्या त्याच्या कानाकडे बघतात. सुईत दोरा ओवायला चिमणीला सांगतात, आणि वर म्हणतात, तुझे हात तरुण आहेत, तूच ओव. चिमणीने तर दुकानात उभं राहून हळूच सांगितलंही होतं की काका, बाईंचे डोळे एकदा दाखवायला हवेत, समोर ठेवलेली कात्री त्या चाचपून शोधतात. मिस्त्री म्हणाले होते, कार्यशाळा होऊ दे, मग नेतो.

त्यांचा हिशेब साधा होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल, फार तर मोतीबिंदू असेल. आत्ता डॉक्टरकडे नेलं तर तो सांगणार, ऑपरेशन करा, मशीनवर बसू नका. आणि कार्यशाळा हातची जाणार. एवढ्या वर्षांनी कुणीतरी बाईंना मान देऊन बोलावलं होतं. त्यात पुन्हा आपणच आडवे यायचं, हे त्यांच्याने होईना. डोळे काय, कुठे पळून जात नाहीत.

त्याच दुपारी बाई परांचीचा तुकडा घेऊन दुकानात आल्या. दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी तुकडा मिस्त्रींच्या समोर टेबलावर ठेवला आणि टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मशीनच बिघडलंय ना?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. लेकीच्या जन्माच्या वेळी बाई जितक्या घाबरल्या होत्या, तितक्या त्या आत्ता घाबरलेल्या होत्या.

"हो," मिस्त्री म्हणाले. "सुईचा दांडा ढिला झालाय. उभ्या मशीनवर कळत नाही, चालताना हलतो. करतो मी नीट."

बाईंनी सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी म्हणते, आता हातच चालेनासे झाले की काय."

हातांवर आळ आला नाही याचं त्यांना इतकं समाधान झालं, की त्या दिवशी त्यांनी आत गुणगुणत काम केलं. ते ऐकून मिस्त्रींनाही आपण चुकलो असं वाटलं नाही.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं. रोज बाई मशीनमागे उभ्या राहत आणि मिस्त्री बरा असलेला स्क्रू सोडवून पुन्हा आवळत. आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून कधी पाना फिरवला नव्हता. आता घरातच ते नाटक करत होते. दुकानात पडून असलेलं एक दणकट मशीन त्यांनी आत नेऊन दिलं. त्यावरही खांब वाकले. बाई गोंधळून म्हणाल्या, याचंही तेच? मिस्त्री म्हणाले, हेही त्याच कंपनीचं, त्याच काळातलं, याचाही दांडा झिजलाय. बाईंनी मान डोलावली. मशीनच्या बाबतीत मिस्त्री जे म्हणतील ते खरं. त्यावर शंका घ्यायची सवय त्या घरात नव्हती.

कार्यशाळा जवळ आली तसं मिस्त्रींना दुसरं सुचलं. दुपारी बाई आडव्या झाल्या की ते दुकानाचं दार ओढून घ्यायचे, आत येऊन त्यांचे वाकडे नमुने उसवायचे आणि स्वतः पुन्हा शिवायचे. मशीन दुरुस्त करणं वेगळं आणि असं चालवणं वेगळं, हे त्यांना तेव्हा कळलं. दाते खाली पाडलेले असले की कापड कुणाच्या धाकात नसतं. हात जरा थांबला की टाक्यांचा गठ्ठा, जरा घाई झाली की लांबच लांब ढांगा. घामाघूम होऊन ते एखादी रेघ सरळ काढायचे, आणि कपाटातल्या गोधड्यांवरचे टायर, तारा, माणसांच्या पाठी आठवून त्यांना वाटायचं, ही बाई इतकी वर्षं हे करत होती आणि मी तिच्या भिंतीच्या थंडीची चौकशी केली.

उठल्यावर बाई नमुना हातात घ्यायच्या, खिडकीकडे धरायच्या, मान तिरकी करून बघायच्या. म्हणायच्या, उजेडात बघितलं की बरं वाटतं, नाही? मिस्त्री म्हणायचे, बरं म्हणजे काय, छानच झालंय.

कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात चिमणी पिशव्या भरायला आली होती. बाई मशीनवर होत्या, परांचीचा शेवटचा खांब चालू होता. मिस्त्रींनी दुकानातून मशीनचा आवाज ऐकला. भरधाव चाललेला तो आवाज मध्येच बोथट झाला आणि थांबला. कोणी ओरडलं नाही. चिमणी दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिने फक्त "काका" एवढंच म्हटलं.

सुई बाईंच्या तर्जनीच्या नखातून आरपार खाली गेली होती. बाई हलल्या नव्हत्या. त्या बोटाकडे बघतही नव्हत्या, थोडं बाजूला कुठेतरी बघत होत्या. मिस्त्रींनी एका हाताने त्यांचं मनगट दाबून धरलं आणि दुसऱ्याने मशीनचं चाक फिरवत सुई वर घेतली. अर्धी वर आली, अर्धी बोटात राहिली.

"बोट तिथे होतं का?" बाईंनी विचारलं. "मला तर तिथे कापड दिसत होतं."

दवाखान्यात बोटातला तुकडा काढला, पट्टी बांधली. पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरशी बाई गप्पा मारत होत्या, आणि दुखणं विसरावं म्हणून थट्टेने म्हणाल्या, तुम्हाला नाकच नाही हो डॉक्टर, कान तेवढे दिसतात. डॉक्टर हसला नाही. त्याने पट्टी पुरी केली आणि त्यांना तसंच वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात पाठवलं.

तिथली डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी होती. तिने खूप तपासण्या केल्या, डोळ्यांत थेंब घालून अंधाऱ्या खोलीत बसवलं, यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. मग चौकटी छापलेला एक कागद बाईंपुढे धरला, एक डोळा झाकला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात?

"वाकलेल्या," बाई म्हणाल्या. "मधल्या तर खचल्यात. आणि इथे मध्ये छापायचंच राहिलंय."

मिस्त्री बाजूच्या खुर्चीवरून तो कागद बघत होते. सगळ्या चौकटी सरळ होत्या आणि मध्ये काहीही राहिलेलं नव्हतं.

डॉक्टरणीने कागद खाली ठेवला. ती समजावून सांगत होती, की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, नेमकं मध्यभागी, बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत. हा चष्म्याचा विषय नाही, मोतीबिंदूचाही नाही. डाव्या डोळ्यात आता व्रण धरला आहे, तिथलं परत येणार नाही. उजव्यात सुरुवात झाली आहे, तिथे इंजेक्शनं देऊन जे आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येईल. मग तिने विचारलं, "सरळ गोष्टी वाकड्या दिसायला लागल्या, ते कधीपासून?"

"तसं म्हणजे," बाई आठवत म्हणाल्या, "मशीनवर बसलं की व्हायचं. पण ते मशीनमुळे होतं. त्याचा दांडा ढिला झाला होता."

"तेव्हाच यायला हवं होतं, काकू. यात पहिले काही आठवडेच हातात असतात. तेव्हा आला असतात तर डावा डोळाही बराचसा वाचवता आला असता."

"पण मशीन खरंच बिघडलं होतं," बाई तिला समजावू लागल्या. "दोन्ही मशीनं. यांनी स्वतः उघडून बघितलं ना. हे मिस्त्री आहेत."

डॉक्टरणीने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली. तिने औषधं लिहून दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर मोठ्या कॉरिडॉरमध्ये बाकं होती. डोळ्यांतल्या थेंबांमुळे बाईंना उजेड सहन होत नव्हता, म्हणून मिस्त्रींनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बरीच माणसं येत-जात होती.

"दुसऱ्या मशीनचा पण दांडाच होता?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींना अजूनही हो म्हणता आलं असतं. बाईंनी विश्वास ठेवला असता, हे त्यांना पुरतं माहीत होतं, आणि म्हणूनच ते त्यांच्या तोंडून निघेना.

"मशीनमध्ये काही दोष नव्हता."

"कुठल्या?"

"दोन्ही."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांनी पट्टी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी सांगायचा प्रयत्न केला, की त्यांना चष्म्याचंच काहीतरी वाटलं होतं, कार्यशाळा हातची जाऊ नये असं वाटलं होतं, झाल्या झाल्या नेणारच होते. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटायला लागलं.

"घरी चला," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या न जेवता सरळ मधल्या खोलीत गेल्या. नमुन्यांची चळत पुढ्यात घेतली आणि डोळे मिटून बसल्या. मिस्त्री दारात उभे होते. बाईंनी एक तुकडा उचलला, उलटा केला आणि मागच्या बाजूच्या टाक्यांवरून चांगल्या हाताचं बोट फिरवलं. उजवीकडे ठेवला. दुसरा घेतला, बोट फिरवलं, डावीकडे ठेवला. असं करत सगळी चळत संपवली. उजवीकडे त्यांचे स्वतःचे, वाकडे. डावीकडे मिस्त्रींनी शिवलेले. एकही चुकला नाही. मिस्त्रींना वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान तुकडे अंगावर फेकतील. बाईंनी डावीकडचा ढीग सारखा केला, त्यांच्या दिशेने सरकवला आणि म्हणाल्या, "हे तुमचे. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालिकांना फोन केला. आडपडदा न ठेवता डोळ्यांचं सांगितलं आणि सुचवलं, की मी खुर्चीत बसून सांगेन, चिमणी मशीनवर करून दाखवेल, पिशव्या तर तयारच आहेत. संचालिकांना मनापासून वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, आधी तब्येत सांभाळा, कार्यशाळा काय, पुढे कधीही घेऊ. मग त्या तारखांना केंद्रात कागदाच्या फुलांची कार्यशाळा झाली. चिमणीला ते बाहेरून कळलं. तिने बाईंना सांगितलं नाही, मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्रींनी त्या दिवशी दुकानातलं भित्तिपत्रक काढायला हात वर केला. पण ते इतकं घट्ट चिकटवलेलं होतं, की ओढल्यावर मधूनच फाटलं. खरवडून काढावं लागलं.

उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या वेळी मिस्त्री सोबत गेले. नंतर बाई चिमणीला घेऊन जायला लागल्या. तो डोळा जागच्या जागी थांबला होता, म्हणजे बरा नव्हता आणि बिघडतही नव्हता. माणसाची आकृती दिसायची, चेहरा नाही. कापडाचा रंग दिसायचा, वीण नाही. मिस्त्रींनी खटपट करून मशीनला एक मोठं भिंग आणि वर दिवा बसवला. चांगलं काम झालं होतं. त्यांनी बाईंना हाताला धरून आणलं, बसवलं. बाई बसल्या, मशीनवरून हात फिरवला, भिंगाची कड चाचपली आणि उठल्या. म्हणाल्या, गिऱ्हाइकाला देऊन टाका, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

भरलेल्या पिशव्या बरेच दिवस भिंतीला टेकून होत्या. मग एका सकाळी बाईंनी त्या एकेक करून रिकाम्या केल्या. खडू खडूंच्या डब्यात, दोरे दोऱ्यांच्या, चिंध्या बोचक्यात. मिस्त्री मदतीला खाली बसले, तर म्हणाल्या, राहू द्या, मला हाताने कळतंय.

लेकीचा फोन यायचा. ती रडायची, विचारायची, इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मिस्त्री शेजारीच बसलेले असायचे, फोनमधलं सगळं ऐकू यायचं. ते वाट बघायचे. बाई म्हणायच्या, "अगं, वय झालं. व्हायचंच." बाईंनी सांगून टाकलं असतं, लेकीने चार शब्द सुनावले असते, तर मिस्त्रींना ते सोसायला सोपं गेलं असतं. एकदा त्यांनी स्वतःच लेकीला सांगायचं म्हणून फोन हातात घेतला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिला कशाला? तिचं आणि तुमचं तरी नीट राहू दे."

भांडण असं कधी झालंच नाही. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, गल्लीतल्या माणसांबद्दल दोन शब्द. अबोला म्हणावा तर बाई बोलत होत्या. फक्त मिस्त्री काही सांगायला लागले की त्या ऐकून घ्यायच्या आणि 'बरं' म्हणायच्या. पूर्वी त्यांच्या 'बरं'मध्ये विषय संपायचा, काम सुरू व्हायचं. आता त्यापुढे काहीच व्हायचं नाही.

थेंबांच्या दोन बाटल्या असायच्या, एक रोजची आणि एक इंजेक्शननंतर वापरायची. दिसायला सारख्या. एके संध्याकाळी बाईंनी त्यातली एक उचलून मिस्त्रींपुढे धरली आणि विचारलं, ही कुठली? मिस्त्रींनी बाटली हातात घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि लेबल वाचलं. नाव वाचलं, कशासाठी ते वाचलं, कधीपर्यंत चालेल तेही वाचलं. म्हणाले, "ही रोजची."

बाई म्हणाल्या, "बरं."

बाटली घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. मग भिंतीला हात लावत दुकानातून पुढे गेल्या, पायरीवर थांबल्या. समोरून कोणीतरी चाललं होतं; चालीवरून त्यांनी ओळखलं असावं.

"चिमणे, जरा इकडे ये," त्या म्हणाल्या. "हिच्यावर काय लिहिलंय ते वाच बरं."

चिमणीने वाचलं. तेच नाव, तीच तारीख. बाईंनी बाटली मुठीत धरली, तिथेच पायरीवर बसून मान वर केली आणि डोळ्यांत थेंब घातले. मिस्त्री मागे आपल्या स्टुलावर बसले होते. त्यांच्यापुढे कुणाचं तरी मशीन उघडं पडलं होतं. त्याला काय झालंय हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं, पण पाना हातात घ्यावा असं काही केल्या वाटेना.